तुम्ही विचारलंत म्हणून : संमोहनात भान जातं का?

एन्झायटीसाठी मी संमोहनाचे सेशन्स घेतलेत हे कळलं की समोरचा पहिला प्रश्न हमखास हाच विचारतो, "मग तुला काही कळतच नव्हतं का? त्यांनी काहीही वदवून घेतलं असतं तर?" आणि मग जरा आवाज खाली आणून दुसरा, "फरक पडतो का गं खरंच?"

पहिल्याचं उत्तर सोपं आहे, सगळं कळत असतं. खुर्चीत मागे टेकून बसायचं, एका ठिकाणी नजर लावायची, थेरपिस्ट मॅडम संथ आवाजात बोलत असतात, हळूहळू पापण्या जड होतात, श्वास लांबतो. बाहेर कुणाचा तरी फोन वाजत होता, तो मला नीट ऐकू येत होता, फक्त तिकडे लक्ष द्यावंसं वाटत नव्हतं. मग त्या म्हणाल्या, डाव्या मनगटाला फुगा बांधलाय असं समजा, आणि हात दांड्यावरून उचलला जायला लागला, आधी बोटं, मग मनगट. मनात आणलं तर मी तो खाली ठेवू शकते हे मला माहीत होतं, तरी तो आपला आपण वर चाललाय असंच वाटत होतं. वाचनात गुंगलेलं असताना कुणी हाक मारली की आपण नुसतं "हं" म्हणतो आणि वाचत राहतो ना, तसंच काहीसं, पण मुद्दाम आणलेलं.

संमोहनाची गोष्ट सुरू होते अठराव्या शतकात. पॅरिसमध्ये मेस्मर नावाचा डॉक्टर म्हणायचा की शरीरात एक चुंबकीय द्रव असतो आणि आपण तो वळवून आजार बरे करतो. 1784 साली राजाने चौकशी समिती नेमली, त्यात अमेरिकेचे बेंजामिन फ्रँकलिन होते, रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिए होते. त्यांनी लोकांचे डोळे बांधून पाहिलं तर ज्यांना वाटत होतं की आपल्यावर प्रयोग चाललाय त्यांनाच झटके यायचे, आणि खरोखर प्रयोग चालू असून पत्ता नसला तर काहीच नाही. निष्कर्ष निघाला की द्रव वगैरे काही नाही, ही कल्पनाशक्तीची करामत. बऱ्याच लोकांना वाटतं तिथे विषय संपला, मला वाटतं खरा विषय तिथेच सुरू झाला, कारण नुसत्या अपेक्षेने शरीराला एवढं काही जाणवत असेल तर ते कामाला लावता येईल की!

1997 मध्ये एक ब्रेन स्कॅनचा अभ्यास छापून आला, त्यात माणसांचे हात 47 डिग्रीच्या पाण्यात घातले होते. पाणी तेच, पण संमोहनात "हे कमी त्रासदायक वाटेल" असं सुचवलं की त्रास कमी वाटायचा, आणि त्रासाशी जोडलेला मेंदूचा भाग त्याप्रमाणे बदलायचा, नुसती संवेदना टिपणारा भाग मात्र जवळपास तसाच राहायचा. हे वाचलं तेव्हा मला माझंच काहीतरी वाचल्यासारखं झालं, कारण मीटिंगच्या आधी माझी छाती अजूनही धडधडते, पण आता काहीतरी भयंकर होणार ही जी भीती त्या धडधडीला चिकटलेली असायची ती बरीच सुटलीये.

आता फरक पडतो का, तर माणसावर अवलंबून आहे. काही जण पटकन प्रतिसाद देतात, काही जवळजवळ देतच नाहीत, बहुतेक सगळे मधे कुठेतरी. पोटाच्या आयबीएसच्या त्रासावर (सारखं पोट दुखणं, जुलाब किंवा बद्धकोष्ठता) याचा चांगला उपयोग दिसलाय, ऑपरेशन किंवा तपासणीआधीच्या घाबरण्यावरही. माझ्या बाबतीत मूळ उपचार सीबीटीचाच होता, म्हणजे बोलण्यातून विचारांच्या आणि वागण्याच्या सवयी बदलायचा, संमोहन त्याच्या आत होतं, म्हणजे ज्या प्रसंगाला मी टाळायचे तो डोळे मिटून, अंग सैल ठेवून पुन्हा पुन्हा अनुभवायचा, आणि घरी रोज थोडा वेळ तेच स्वतःचं स्वतः करायचं. हा घरचा अभ्यास कंटाळवाणा आहे पण माझ्या मते निम्मं काम तोच करतो.

एका गोष्टीपासून मात्र कृपा करून लांब राहा, "लहानपणीच्या दडलेल्या आठवणी बाहेर काढतो" म्हणणाऱ्यांपासून. संमोहनात आठवणी जास्त खऱ्या होत नाहीत, फक्त त्यांच्यावरचा आपला विश्वास वाढतो, आणि कधीकधी न घडलेलंही घडल्यासारखं आठवायला लागतं, त्यातून घरंच्या घरं तुटू शकतात. सायकोसिसचा त्रास असेल, म्हणजे भास होत असतील किंवा खरं-खोटं कळेनासं होत असेल, तर आधी सायकियाट्रिस्टशी बोला, चालू गोळ्या आपल्या मनाने बंद करू नका. आणि कोणाकडे जायचं म्हणाल तर सरळ विचारा, "संमोहन न वापरता माझ्या या त्रासावर तुम्ही उपचार करता का, त्याचं शिक्षण कुठे घेतलंत?" उत्तर द्यायला टाळाटाळ झाली तर दुसरीकडे जा.