रिलोडिंग लॉग: प्रेस बसला, आता सगळं लक्ष वजनकाट्यावर

मंडळी, रिलोडिंगचा, म्हणजे वापरलेल्या काडतुसांच्या केसेस (पितळी नळ्या) परत भरायचा प्रेस एकदाचा बेंचवर बसला. सिंगल स्टेजच घेतलाय, कास्ट आयर्नचा, ओ फ्रेमवाला. बरेच जण म्हणत होते डायरेक्ट प्रोग्रेसिव्ह (एका ओढीत सगळ्या स्टेप करणारा) घे, पुढेमागे घ्यावा लागतोच, पण मला काही ते पटलं नाही. प्रोग्रेसिव्हचं हँडल एकदा ओढलं की एकीकडे जुना प्रायमर (केसच्या तळाची, पावडर पेटवणारी टोपी) निघतोय, दुसरीकडे पावडर पडतेय, तिसरीकडे बुलेट बसतेय, आणि ज्याच्या हाताला अजून एकेका स्टेपचा अंदाज नाही त्याने नक्की बघायचं कुठे? सिंगल स्टेजला एका वेळी एकच डाय (प्रेसमध्ये फिरवून बसवायचा साचा), एकच काम, सगळ्या केसेसचं ते उरकलं की मग पुढचं. वेळ लागतो, लागू दे. ज्यांना जास्त राउंड लागतात त्यांनी टरेट (फिरत्या हेडचा प्रेस) बघा, डाय एकदा सेट केल्या की हेडमध्ये तशाच राहतात आणि काम तरीही एकेकच होतं.

सुरुवात ३८ स्पेशल या रिव्हॉल्व्हरच्या काडतुसाने करतोय. केस सरळ भिंतीची, त्यामुळे कार्बाइड डाय घेतली की ल्यूब (वंगण) लावायची आणि पुसायची कटकट नाही. रायफलच्या बॉटलनेक (तोंडाशी निमुळत्या) केसला ल्यूब लागतंच, नाहीतर केस डायमध्ये अशी अडकते की वेगळं टूल लावून काढावी लागते. डाय कुठल्या कंपनीची घ्यायची यात फार अडकू नका, ली, आरसीबीएस, हॉर्नेडी सगळ्यांचे आटे साधारण एकच, ७/८-१४, म्हणजे एकाची डाय दुसऱ्याच्या प्रेसमध्ये आरामात बसते. केस धरून ठेवणारा शेल होल्डर मात्र आपल्या केसच्या रिमप्रमाणे (तळाच्या कडेप्रमाणे) बघून घ्यायचा. साइझिंग डाय (फुगलेली केस परत मापात आणणारी) लावताना रॅम (प्रेसचा वर-खाली जाणारा दांडा) पूर्ण वर नेला, डाय शेल होल्डरला अगदी टेकते न टेकते इथवर फिरवली आणि लॉक रिंग आवळली. कार्बाइडची रिंग कडक असते पण ठिसूळ, तिच्यावर शेल होल्डर जोरात दाबायचा नाही.

आता मुद्द्याचं. बजेट कमी असेल तर प्रेस सेकंडहँड घ्या, खुशाल घ्या, चांगला लोखंडी प्रेस सहसा बिघडत नाही. वजनकाट्यात मात्र काटकसर नको. पावडर ग्रेनमध्ये मोजतात, एक ग्रेन म्हणजे जेमतेम ६५ मिलिग्रॅम, आणि आपल्याला फरक पकडायचा असतो त्याच्याही दहाव्या हिश्श्याचा. मी बीम स्केल (दांडीचा काटा) घेतला. डिजिटल फास्ट आहे, पण आधी वॉर्म अप होऊ द्यावा लागतो, पंख्याच्या वाऱ्याने आकडा हलतो, हळूहळू झिरोपासून सरकतो आणि तो सरकलाय हे आपल्याला कळतही नाही. बीमला सेल नाही की काही नाही, बेंच हलता कामा नये आणि वारा लागता कामा नये एवढंच. कुठलाही काटा घ्या, सोबत चेक वेट्सचा (नेमकं वजन माहीत असलेल्या वजनांचा) सेट घ्याच आणि बसायच्या आधी दरवेळी काटा तपासा.

३८ स्पेशलमध्ये हे जास्तच महत्त्वाचं, कारण हे काडतूस १८९८ सालचं, काळ्या पावडरच्या जमान्यातलं. केस ऐसपैस, आणि आजची स्मोकलेस पावडर तळाशी थोडीशीच दिसते, म्हणजे चुकून दोनदा पडली तरी बाहेर सांडत नाही. म्हणून लोडिंग ब्लॉक (केसेस उभ्या ठेवायचा भोकांचा ठोकळा) हवाच. सगळ्या केसेस उभ्या करायच्या, टॉर्च तिरका धरायचा आणि ओळीने प्रत्येकीत डोकावायचं, सगळीकडे पावडरची पातळी सारखी दिसली पाहिजे, एखादी जरा वर किंवा खाली वाटली की ती रिकामी करून परत मोजायची. ते झाल्याशिवाय बुलेट बसवायची नाही. बेंचवर एका वेळी एकच पावडरचा डबा, हा माझा पक्का नियम.

बाकी यादी छोटी आहे. डिजिटल कॅलिपर, चॅम्फर टूल (केसच्या तोंडाची धार मोडायचं), हाताने प्रायमर बसवायचं टूल, गॉगल, आणि बुलेट परत काढायचा हातोडा, लागत नाही म्हणता म्हणता लागतोच. टम्बलर (केसेस घोळवून साफ करायचं यंत्र) नंतर घेतला तरी चालेल, पण ड्राय मीडियावाला (कोरड्या भुश्यावर चालणारा) घेणार असाल तर लक्षात ठेवा, जळलेल्या प्रायमरमधलं शिसं त्या धुळीत उतरतं, तो घराबाहेर चालवा आणि हात धुवा. आणि या सगळ्याच्या आधी छापील लोडिंग मॅन्युअल विकत घ्या, शक्यतो दोन, म्हणजे आकडे ताडून बघता येतात, आणि सुरुवात त्यातल्या स्टार्टिंग लोडपासूनच (सुरुवातीच्या कमी पावडरपासूनच) करायची, कुणीतरी सांगितलेल्या आकड्यावर कधीच नाही. आपल्याकडे रिलोडिंगला परवानगी आहे का, लायसन्समध्ये काय लिहिलंय, हेही पैसे खर्च करायच्या आधीच बघून ठेवा.

सध्या साइझिंग आणि प्रायमर बसवणं हातात बसलंय. प्रायमर तळाच्या अगदी किंचित आत जायला हवा, बोट फिरवलं की कळतं, आणि आता न बघताही कळायला लागलंय, फार भारी वाटतं! पुढे क्रिंप डायचं (केसचं तोंड बुलेटवर आवळणारी) सेटिंग, ते जमलं की रायफल. त्यासाठी केस ट्रिमर (लांबलेली केस कापून मापात आणणारा) बघतोय, लेथसारखा हँडलवाला की ड्रिलला लावायचा, वापरणाऱ्यांनी जरा सविस्तर सांगा.