स्टोमाची पिशवी घेऊन सातारा ते हॅम्बुर्ग

ह्यांचं कॅन्सरचं ऑपरेशन झालं त्याला आता तीन वर्षं होतील. तेव्हापासून पोटावर डावीकडे स्टोमा आहे. म्हणजे आतड्याचं तोंड पोटाच्या कातडीवर आणून बसवलेलं, आणि त्यावर चिकटवलेली पिशवी. घरात आता त्याचं कुणाला काही वाटत नाही, दात घासण्यासारखं ते रोजचं काम झालंय. पण मुलानं हॅम्बुर्गहून "तीन महिने या" म्हटलं, तेव्हा ह्यांनी ना व्हिसाचं विचारलं ना थंडीचं. "विमानतळावर तपासताना काय करायचं?" एवढंच म्हणाले, आणि पुढे दोन दिवस जर्मनीचा विषयच काढला नाही.

त्यांच्या मनात काय होतं ते मला माहीत होतं. वर्षभरापूर्वी आम्ही पुण्याहून दिल्लीला लग्नाला गेलो होतो. स्टोमाचं सगळं सामान मी मोठ्या बॅगेत भरलं आणि ती बॅग चेक-इनला दिली. आम्ही दिल्लीला पोचलो, बॅग आली दुसऱ्या दिवशी दुपारी. रात्री नऊच्या सुमारास पोटावरची प्लेट, म्हणजे कातडीला चिकटणारी चकती, जिच्या कड्यावर पिशवी बसते, ती एका कडेनं सुटायला लागली. भाचा तीन मेडिकलची दुकानं फिरला. एका ठिकाणी सामान मिळालं, पण आमचं कडं ५७ मिलिमीटरचं आणि तिथं होतं ते ४५ चं. कडं जुळलं नाही तर पिशवी बसतच नाही. सुती पंचाची घडी आणि चिकटपट्टी लावून ह्यांनी ती रात्र खुर्चीत बसून काढली, बाजूच्या खोलीत मेंदीची गाणी चाललेली. तेव्हाच मी ठरवलं की ह्यांच्या शरीराला जे लागतं ते आमच्या हातात असेल, दुसऱ्या कुणाच्या ताब्यात नाही.

पण हातातल्या बॅगेत न्यायचं म्हटलं की सुरक्षा तपासणीचे नियम आले. आंतरराष्ट्रीय प्रवासात बहुतेक विमानतळांवर द्रव, जेल, क्रीम, पेस्ट, स्प्रे यातली कुठलीही बाटली किंवा ट्यूब १०० मिलिलीटरपेक्षा मोठी चालत नाही, आणि सगळ्या मिळून एका लिटरच्या पारदर्शक, झिप लागणाऱ्या पिशवीत बसाव्या लागतात. एका माणसाला एक पिशवी. मुलानं फोनवर सांगितलं की ऑगस्ट २००६ मध्ये लंडनहून अमेरिकेला जाणारी विमानं द्रव स्फोटकांनी उडवण्याचा कट उघडकीस आला, त्यानंतर हा नियम आला. कारण कळलं की नियम पाळताना चिडचिड होत नाही, निदान माझी तरी.

निघायच्या आधी पंधरा दिवस मी जेवणाच्या टेबलावर चादर पसरून सगळं मांडलं. पहिला वाद झाला टूथपेस्टवरून. १५० ग्रॅमची ट्यूब, जेमतेम चतुर्थांश उरलेली. हे म्हणाले, "अगं, आत आहेच किती?" पण आत किती आहे ते कुणी बघत नाही, डब्यावर किती लिहिलंय ते बघतात. रिकामी होत आलेली मोठी ट्यूबही कचऱ्यात जाते. ती घरी ठेवली आणि छोटी आणली. खोबरेल तेल, शाम्पू आणि ह्यांचा डिओचा स्प्रे चेक-इनच्या बॅगेत गेले. सुनेनं वाटणासाठी सुकं खोबरं मागितलं होतं, ते मात्र नेलंच नाही. त्यात तेल असतं, ते पेट घेऊ शकतं, म्हणून आपल्याकडे ते चेक-इनमध्येही चालत नाही.

आता स्टोमाचं. प्लेटच्या भोवती फट राहू नये म्हणून लावायची पेस्ट ६० ग्रॅमच्या ट्यूबमध्ये येते, ती झिपच्या पिशवीत बसली. प्लेट काढताना कातडी ओरबाडू नये म्हणून आम्ही घरी स्प्रे वापरतो. तपासणीत स्प्रेवरून प्रश्न नकोत म्हणून त्याच औषधाचे एकेक पुडीतले वाइप्स घेतले. मला वाटतं सगळ्या तयारीत हे सगळ्यात शहाणपणाचं झालं. लहान मुलांचे सुगंधी वाइप्स मात्र घेऊ नका. त्यात तेल किंवा क्रीम असतं आणि त्यावर प्लेट चिकटत नाही. स्टोमाभोवतीची कातडी साध्या पाण्यानं पुसायची आणि कोरडी करायची, बाकी काही नको. म्हणून साध्या गॉजच्या घड्या घेतल्या. सॅनिटायझर पन्नास मिलिलीटरचा. पिशवीतला वास घालवणारे थेंब, माझी हातापायांची क्रीम, आणि पिशवी भरली.

कात्रीचा प्रश्न उरला. प्लेटला मधोमध स्टोमाच्या मापाचं भोक पाडावं लागतं, त्यासाठी बाकदार कात्री लागते. युरोपात सहा सेंटीमीटरपर्यंतच्या पात्याची चालते, पण मुंबईत रांग अडवून मला त्यावर बोलत बसायचं नव्हतं. ह्यांचं माप आता बदलत नाही, ३२ मिलिमीटर. तेव्हा दोन संध्याकाळी बसून मी सगळ्या प्लेटा घरीच कापल्या. कागदाचा साचा ठेवायचा, पेनानं गोल काढायचा, कापायचं, आणि कापलेल्या कडेवरून बोट फिरवून बघायचं. कड खरखरीत राहिली तर ती आतड्याच्या नाजूक तोंडाला घासते. हे शेजारी बसून एकेक प्लेट परत डब्यात रचत होते. चौथ्या दिवशी प्लेट बदलायची म्हणजे नव्वद दिवसांना तेवीस. आम्ही छत्तीस घेतल्या. अठरा हातातल्या बॅगेत, अठरा मोठ्या बॅगेत. शिवाय तीन वेळचं पूर्ण सामान, एक शर्ट आणि एक पँट वेगळ्या छोट्या पाऊचमध्ये, सीटखाली ठेवायला. सर्जनकडून इंग्रजीत पत्र घेतलं आणि मुलानं चार ओळींचं जर्मन कार्ड पाठवलं. सातारा ते मुंबई गाडीत ती बॅग डिकीत ठेवली नाही. उन्हात डिकी तापते आणि प्लेटचा चिकटा मऊ पडतो.

मुंबईला आत शिरण्याआधी ह्यांनी स्वच्छतागृहात पिशवी रिकामी केली. पारदर्शक पिशवी ट्रेमध्ये वेगळी ठेवली, ती कुणी उघडलीही नाही. ह्यांची अंगझडती मात्र मी पलीकडून बघत होते. जवानाचा हात कमरेपाशी आला आणि थांबला. हे लगेच म्हणाले, "स्टोमा बॅग है, ऑपरेशन हुआ है," आणि खिशातलं पत्र पुढे केलं. खाजगी खोलीत तपासा असं आपण मागू शकतो. पण मागायची वेळ आलीच नाही, तोच म्हणाला, "अंकल, इधर आइए." आत त्यानं ह्यांनाच शर्टावरून पिशवीवर हात फिरवायला सांगितला आणि मग त्यांच्या तळहातावरून कापडाची पट्टी पुसून यंत्रात घातली. तीन मिनिटं लागली असतील. पिशवी काढायला सांगितलं नाही. बाहेर आल्यावर हे मला म्हणाले, "दुखतं का म्हणून विचारलं त्यानं." पुढे बराच वेळ काही बोलले नाहीत, पण खांदे सैल झाले होते.

विमानात एक गोष्ट आधी माहीत होती म्हणून बरं झालं. आतली हवा साताऱ्यासारखी दाट नसते, सहा ते आठ हजार फुटांवर असावी तशी विरळ असते, महाबळेश्वरपेक्षाही कितीतरी वर. त्यामुळे वेफर्सची पाकिटं फुगतात, तशी पोटातली आणि पिशवीतली हवाही फुगते. ह्यांनी आदल्या दिवसापासून कांदा, उसळ, कोबी बंद ठेवलं होतं आणि विमानात सोड्याचं पेय घेतलं नाही. तरी दोनदा हवा सोडायला उठावं लागलं. आम्ही मधल्या वाटेकडेची, स्वच्छतागृहाजवळची सीट मुद्दाम मागून घेतली होती. (पेस्टच्या ट्यूबचंही तेच. झाकण लावण्याआधी आतली हवा दाबून काढली नाही, तर उघडल्याबरोबर ती फसकन बाहेर येते.)

फ्रँकफुर्टला विमान बदलताना परत सगळी तपासणी असते, हे पुष्कळांना ठाऊक नसतं. मुंबईत तपासणीनंतर विकत घेतलेली पाण्याची बाटलीसुद्धा तिथं टाकावी लागू शकते. शरीर स्कॅन करणाऱ्या काचेच्या खोलीत हे हात वर करून उभे राहिले, आणि पडद्यावरच्या माणसाच्या चित्रावर पोटाच्या डावीकडे पिवळा चौकोन उमटला. बरोब्बर तिथंच. ह्यांनी जर्मन कार्ड दिलं. अधिकाऱ्यानं ते वाचलं, मान हलवली, आणि हातमोजे बदलून शर्टावरूनच हलकेच तपासलं. बाई अधिकारी माझ्या झिपच्या पिशवीतली पेस्टची ट्यूब वर धरून बघत होती. ट्यूबवर ग्रॅम लिहिलेले असतात, मिलिलीटर नाही, पण साठाचा आकडा बघून तिनं ती परत ठेवली.

हॅम्बुर्गला घरी पोचेपर्यंत सीटखालच्या पाऊचमधलं एकच सामान लागलं होतं, तेही प्लेट सुटली म्हणून नाही, तर अंघोळीनंतर ह्यांना सगळं नवं हवं होतं म्हणून. सुनेनं न्हाणीघरातला मधला कप्पा रिकामा करून ठेवला होता. ह्यांनी स्वतः प्लेटा मापानं रचल्या, शेजारी गॉज, त्याच्या शेजारी पेस्ट. मी झिपची पिशवी धुऊन नळावर वाळत घातली. परतीच्या प्रवासाला तीच लागणार होती.