नाही म्हणाला असता तर

रविवार, रात्र. लाइट आत्ता आली. अप्पा अजून गच्चीवरच आहेत.

तबल्याच्या सरांचा सकाळी मेसेज होता. मे महिना चालू ठेवायचा का, ठेवला तर उन्हामुळे बॅच सकाळी सातची. मी 'हो सर' टाकून मोकळी झाले. रात्री जेवताना आदूला सांगितलं. त्यानं मान डोलावली, कडक भाकरी चुरली, वर आमटी ओतून घेतली आणि शेंगाचटणीची वाटी जवळ ओढली. बास. तोंड वाकडं नाही, 'सगळ्यांना सुट्टी, मलाच का' नाही, काही नाही.

तेव्हापासून जिवाला चैन नाही.

खरं तर बरं वाटायला हवं होतं. भांडणाची मी पूर्ण तयारी ठेवली होती. सकाळचा एकच तास, बाकी दिवस तुझाच, नोव्हेंबरच्या सत्राला गांधर्व महाविद्यालयाची प्रवेशिका परीक्षा द्यायचीय, सगळी उत्तरं पाठ होती. त्यानं प्रश्नच विचारला नाही. पाचवी संपवून आलेलं पोर, आणि मे महिना हातचा गेला तरी चटणीकडे बघतंय.

सरांचं चूक नाही. ते म्हणतात, 'ताई, बंद करू नका ओ. महिनाभर हात सुटला की अख्खा जून परत हात बसवण्यात जातो.' ते खरंच आहे. दिवाळीनंतर मी स्वतः ऐकलंय, 'धा धा तिट धा धा तिन ना' या बोलांमधला तो 'तिट' कसा अडखळत होता. आणि सरही त्या खोलीत घाम पुसत बसतातच की. उन्हाळ्यात पुडी, म्हणजे तबल्यावरचं कातडं, इतकी ताणते की सूर चढत जातो. मग ते गजऱ्याला, म्हणजे पुडीच्या कडेच्या चामडी वेणीला, खालून हातोडी मारत मारत तो उतरवतात, तबला गोल फिरवतात, कान लावतात, परत एक टोला. आदू ते इतकं टक लावून बघतो की वाजवायचं विसरतो. त्याला तबला आवडत नाही असं मला म्हणताच येत नाही. मग तो गप्प का होता?

दुपारी मोबाईलवर वाचत बसले होते, सुट्टीत मुलं शिकलेलं विसरतात का म्हणून. अमेरिकेत हा वाद जुना आहे. तिथल्या हॅरिस कूपर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये आधीचे बरेच अभ्यास एकत्र करून सांगितलं होतं, की उन्हाळ्यात मुलं साधारण महिनाभराचं शिकलेलं गमावतात, वाचनापेक्षा गणित जास्त. मग २०१९ मध्ये पॉल फॉन हिपेल नावाच्या संशोधकांनी लिहिलं की जुने निकाल नव्या चाचण्या घेऊन बघितले तर तसे येतातच असं नाही, परीक्षा कशी घेतली यावर पुष्कळ ठरतं. झालं! म्हणजे माझ्या बाजूनं एक आणि माझ्या विरोधात एक. शिवाय त्यांची सुट्टी दहा-अकरा आठवड्यांची आणि आपली सहाच्या आसपास. जूनच्या मध्यात शाळा उघडते तेव्हा पोरांची पुस्तकांना कव्हरं घालूनही झालेली नसतात. यात विसरायला वेळ तरी कुठे मिळतो? आणि शिक्षण हक्क कायद्यात पाचवीपर्यंत वर्षाला किमान २०० दिवस शाळा आहे, सहावीपासून २२०. पुढं सुट्टी काही वाढायची नाही.

पण हे सगळं वाचलं कशासाठी? मला हवं ते उत्तर त्यात नव्हतंच.

खरं कारण लिहूनच टाकते, इथं कोण बघतंय. मी साडेपाचला ऑफिसातून सुटते. ४३ डिग्रीच्या उन्हात जुळे सोलापूरच्या रस्त्यावर बाराच्या पुढं कुत्रंसुद्धा दिसत नाही. अप्पा जेवून पंख्याखाली आडवे होतात. मग राहतो तो आणि मोबाईल. तबला सकाळी सातला, पण त्या समर कॅम्पचा फॉर्म टीव्हीमागे खोचून ठेवलाय तो दुपारचा आहे. दहा दिवसांचे साडेतीन हजार. हस्ताक्षर, वैदिक गणित आणि 'व्यक्तिमत्त्व विकास'. अकरा वर्षांच्या पोराचं व्यक्तिमत्त्व दहा दिवसांत विकसित करून परत देतात म्हणे. मला त्यातलं काहीच नकोय. दुपारी मूल कुठे आहे ते माहीत असावं, एवढंच हवंय. त्याचे साडेतीन हजार. ह्यांना हे बोलले तर म्हणतील, रजा टाक. माझी रजा काय झाडाला लागलीय?

आणि मग रडूच आलं थोडं. उगाच. आमच्या आईला कुणी विचारलं होतं का, पोरी सुट्टीत काय करतात म्हणून? साखर पेठेतल्या त्या बोळात मागांची खटखट दिवसभर, आणि आम्ही सगळ्या पोरी ओट्यावर. शेजारच्या तेलुगू पोरींबरोबर सागरगोटे खेळता खेळता 'ओकटी, रेंडु, मूडु' कधी तोंडात बसलं कळलंच नाही. अजूनही मंडईत लिंबं मोजून घेताना मनात तेच आकडे येतात. त्याची फी कुणी घेतली नाही.

अर्थात एवढंही गोड नव्हतं ते. टॉवेलांचे गठ्ठे घरी यायचे, सुटलेले धागे कातरून घड्या घालायच्या, आणि ते संपल्याशिवाय ओट्यावर जायचं नाही. कात्रीनं अंगठ्याला फोड यायचा. त्या पैशातून वह्या येत. म्हणजे मोकळी सुट्टी मलाही नव्हतीच, आदूच्या वयात तर मुळीच नाही. आईच्या आणि माझ्यात फरक एवढाच, की तिला त्याचं कधी वाईट वाटलं नाही. किंवा वाटलं असेल. ते राहू दे.

काम असलं तरी मे महिना आमचा वाटायचा तो कशामुळे? मघाशी गच्चीवर अप्पांना पाणी द्यायला गेले तेव्हा खालच्या बोळाकडे बघितलं. साडेसातला एकही पोर नाही. समोरची स्केटिंगला, कोपऱ्यावरचा अबॅकसला, वरच्या मजल्यावरची दोघं आजोळी लातूरला. ताईची मुलं दरवर्षी हुतात्मा एक्स्प्रेसनं रात्री उतरायची, यंदा पुण्यातच रोबोटिक्स. उद्या मी सगळं बंद केलं आणि आदूला म्हटलं जा खेळ, तर तो जाणार कुणाकडे? आम्ही सगळ्या एकदम रिकाम्या व्हायचो, म्हणून ती सुट्टी होती. हा एकटाच रिकामा राहिला तर त्याला नुसता कंटाळा येईल, आणि हे त्याला माझ्या आधी कळलं असणार. म्हणूनच भांडला नाही. कशासाठी भांडायचं?

अप्पांना विचारलं, तर म्हणाले, 'पोराला मोकळं सोड की गं जरा. आणि सोडलंस तर माझ्याकडं सोड, मेंढीकोटला चौथा गडी मिळंना झालाय.' समोरचे दोघे निवृत्त मास्तर आणि अप्पा. सरासरी वय काढायला वैदिक गणितच लागेल. पण सांगितलं आदूला, तर तो पहिल्यांदा हसला. 'पैशावर खेळतात का?' म्हणाला. नाही म्हटल्यावर चेहरा जरा पडला.

कॅम्पचा फॉर्म रद्दीत टाकलाय. तबला राहू दे, तो त्याचा आहे. दुपारी पत्ते, अप्पांच्या झोपेनंतर. मोबाईल किती वेळ यावर भांडण होईल, ते होऊ दे, निदान भांडेल तरी.

मग ताईला फोन लावला. रोबोटिक्स वीस तारखेला संपतंय, म्हणाली आठ दिवस पाठवते, पण घरात बसून टीव्ही नको हं. म्हणून लगेच कागद घेऊन लिहायला बसले. सोमवारी सिद्धेश्वर आणि तळं, मंगळवारी भुईकोट किल्ला, बुधवारी नान्नजच्या अभयारण्यात माळढोक पक्षी दिसतो का बघायला, नळाला पाणी येईल त्या दिवशी घरीच. निघायच्या वेळासुद्धा घातल्या. आदू मागून वाचत होता. 'आई, यात खेळायचं कधी?' म्हणाला.

वेळा खोडल्यात. नान्नज ठेवलंय, ते मला बघायचंय.