पडद्यावर न मावलेलं ‘नाही’

आमच्या चर्चच्या तरुण संघाच्या वार्षिक मेळाव्याचा विषय निघाला की घरातलं कुणीतरी हळूच म्हणतं, ‘नाही’, आणि बाकीचे हसायला लागतात. कारण मी आहे.

मी अकरावीत होते तेव्हाची गोष्ट. मेळाव्यात व्यासपीठाच्या मागे दरवर्षी पांढरा पडदा लागायचा आणि त्यावर त्या वर्षाचं बायबलमधलं वचन रंगवलेलं असायचं. ते वर्ष २३व्या स्तोत्राचं होतं. माझा हात चित्रकलेत बरा, म्हणून काम माझ्याकडे आलं. आदल्या संध्याकाळी सभागृहाच्या फरशीवर कापड अंथरलं, खडूने दोन रेघा मारल्या आणि ब्रश उचलला. पहिला ‘परमेश्वर’ असा काही भरदार उतरला की मी दोनदा मागे सरकून तो पाहून घेतला. वरची ओळ कशीबशी बसली. खालच्या ओळीला ‘मला काही उणे पडणार’ इथवर आले आणि कापड संपलं.

पाट्या रंगवण्याचा धंदा करणारे एक काका आमच्या मंडळीत होते. आम्ही त्यांना पेंटरकाका म्हणायचो. ते सहज डोकावले, पडद्यासमोर उभे राहिले आणि मोठ्याने वाचू लागले, ‘परमेश्वर माझा मेंढपाळ आहे, मला काही उणे पडणार.’ मग माझ्याकडे वळून म्हणाले, ‘पोरी, हे वचन आहे की धमकी?’

उरलेल्या कापडाची एक पट्टी कापून त्यांनी मला तिच्यावर ‘नाही’ लिहायला बसवलं. एकदा नव्हे, चार वेळा. तिसऱ्या वेळी मी रडवेली होऊन म्हटलं, ‘असू दे ना काका थोडं वाकडं. भावना महत्त्वाची.’ काका शांतपणे ब्रश पुसत म्हणाले, ‘गिऱ्हाइकाच्या पाटीवर मी वाकडं अक्षर चालवून घेत नाही. देवाच्या पाटीवर का चालवू?’ चौथं ‘नाही’ त्यांना पटलं. दोन टाचण्या लावून आम्ही ते पडद्याला टाचलं.

दुसऱ्या दिवशी पाळकसाहेब संदेश द्यायला उभे राहिले, कुणीतरी पंखा वाढवला आणि पट्टी फडफडू लागली. आधी एक टाचणी गेली, मग दुसरी. ‘नाही’ तरंगत खाली आलं ते थेट पेटीवर. पाळकसाहेबांनी ते उचललं, वाचलं, वळून पडद्याकडे एकवार पाहिलं आणि म्हणाले, ‘हे मात्र पडलं.’ तो संदेश काय होता ते आज कुणालाही आठवत नाही.

मेळाव्याचा क्रम ठरलेला असे. सकाळी उपासना, मग अहवालवाचन (ते दर वर्षी तेच असतं असा माझा संशय आहे), पाठांतर आणि गायनाच्या स्पर्धा, दुपारी चित्रांचं प्रदर्शन, संध्याकाळी नाटिका. खरी मजा त्या दिवसात नव्हतीच. ती होती आधीच्या महिनाभरात. दिवसभर कॉलेज किंवा नोकरी करून आलेली मंडळी रात्री सभागृहात जमायची, प्रार्थनेने सुरुवात व्हायची आणि अमेन म्हणून पाच मिनिटं होत नाहीत तोच तबल्याच्या सुरावरून भांडण लागायचं.

एका वर्षी नाटिका लिहायला घेतली ती संघातल्या सगळ्यात अबोल दादाने. तो दिवसभर हिशेब तपासायचा आणि नाटकाकडेही त्याच नजरेने पाहायचा. नाताळची गोष्ट लिहायची म्हणून त्याने बायबलमधलं लूकचं शुभवर्तमान उघडून ओळ न् ओळ वाचलं आणि तिसऱ्या दिवशी येऊन सांगितलं, ‘यात उतारशाळेचा मालकच नाही.’ आम्ही म्हटलं, असं कसं असेल? पण खरंच, उतारशाळेत जागा नव्हती एवढंच तिथे लिहिलंय, दार लोटणारा माणूस कुठेच नाही. मरीया बसून आलेलं गाढवही नाही. मग त्याने मत्तयाच्या शुभवर्तमानाकडे मोर्चा वळवला. पूर्वेकडून आलेले मागी, म्हणजे ज्ञानी लोक तीन होते असं मत्तय म्हणत नाही, भेटी तेवढ्या तीन सांगतो: सोने, ऊद आणि गंधरस. शिवाय ते गोठ्यात नव्हे, घरात येतात. दादाच्या हिशेबाने नाटिकेतली अर्धी पात्रं रद्द होत होती. आणि उतारशाळेच्या मालकाच्या कामासाठी सहा वर्षांचा एक मुलगा आठवडाभर खोटी मिशी लावून घरात हिंडत होता!

यातून वाट काढली पाळकसाहेबांनी. त्यांनी असिसीच्या संत फ्रान्सिसची गोष्ट सांगितली. १२२३ साली ग्रेच्चो नावाच्या गावात नाताळच्या रात्री त्याने गव्हाणीत गवत भरलं, खराखुरा बैल आणि खरंखुरं गाढव आणून उभं केलं, म्हणजे लोकांना ती रात्र डोळ्यांनी बघता यावी. बैलही शुभवर्तमानात नाही आणि फ्रान्सिसला ते माहीत नव्हतं असं थोडंच आहे? ‘काय लिहिलंय ते माहीत असू द्या,’ पाळकसाहेब म्हणाले, ‘मग खुशाल मिशी लावा.’ दादाने तो प्रवेश नव्याने लिहिला. दार लोटल्यावर मालकाला रात्रभर झोप येत नाही आणि पहाटे तो कंदील घेऊन गोठ्याकडे निघतो, एवढंच त्यात होतं. माझ्या मते आमच्या संघाने केलेलं ते सगळ्यात चांगलं नाटक. मिशी मात्र दुसऱ्याच वाक्याला गळाली.

त्याच दादाने पुढच्या वर्षी नांदी ओवीत लिहिली, तेव्हा एका वडीलधाऱ्यांनी नाक मुरडलं. ओव्या आपल्यात कशाला, असं त्यांचं म्हणणं. दादा वाद घालणारा नव्हेच. तो घरी गेला आणि पुस्तक घेऊन आला. फादर स्टीफन्सचं ख्रिस्तपुराण, १६१६ साली पहिल्यांदा छापलेलं, हजारो ओव्यांचं. इंग्लंडमध्ये जन्मलेल्या माणसाला येशूची गोष्ट सांगायला ओवी जवळची वाटली आणि आपल्याला ती परकी वाटावी? पुढे रेव्हरंड टिळकांनी तर अभंग रचले, कीर्तनं केली. वडीलधाऱ्यांनी पुस्तक चाळलं, घरी नेलं आणि महिनाभर परत दिलं नाही. नांदी झाली. चाल थोडी चुकली, पण झाली.

माझी स्वतःची परीक्षा झाली ती प्रदर्शनात. मी तेव्हा चित्रकलेचं रीतसर शिक्षण घेत होते आणि मोठ्या ऐटीत एक चित्र मांडलं होतं: दाराशी काढून ठेवलेल्या वडिलांच्या जुन्या चपला. टाचेकडे झिजलेल्या, एकीचा अंगठा तुटून पुन्हा शिवलेला. लोक येऊन बघत होते, बरं म्हणत होते. एका बाईंनी प्रेमानेच विचारलं, ‘छान आहे गं, पण यात ख्रिस्ती काय आहे?’ मला उत्तर सुचेना. त्या पुढे म्हणाल्या, ‘कोपऱ्यात छोटासा क्रूस काढ ना.’ आणि मी काढला! प्रदर्शन चालू असताना, भिंतीवरच, पेन्सिलीने.

संध्याकाळी पेंटरकाका चित्रासमोर बराच वेळ थांबले. ‘चपला बोलतायत,’ ते म्हणाले, ‘हा कोपऱ्यातला मध्येच का खोकतोय?’

मी फार दुखावले. देवासाठी काहीतरी करावं म्हटलं तर यांना तेही चालत नाही, असं वाटून मी पाळकसाहेबांकडे तक्रार घेऊन गेले. ते बाजू घेतील अशी खात्री होती. त्यांनी मला बायबलमधल्या निर्गम या पुस्तकाचा ३१वा अध्याय वाचायला लावला. तिथे बसालेल नावाचा कारागीर आहे. देव मोशेला सांगतो, मी त्याला माझ्या आत्म्याने भरलं आहे, आणि ते कशासाठी, तर सोनं, रुपं, पितळ यांची कामं करायला, रत्नं बसवायला, लाकूड कोरायला. प्रवचन करायला नव्हे. मी म्हटलं, पण तो देवाच्या निवासमंडपाचं काम करत होता, माझ्या तर चपला आहेत. ते म्हणाले, ‘मग त्याने काय घडवलं ते बघ.’ दीपवृक्षाच्या फांद्यांना बदामाच्या फुलांसारख्या वाट्या. याजकाच्या झग्याच्या काठाला निळ्या, जांभळ्या, किरमिजी सुताची डाळिंबं. फूल आणि फळ. डाळिंबावर वचन लिहिलेलं नव्हतं.

खोडरबराने क्रूस पुसताना मला भीती वाटली होती, हे कबूल करते. क्रूस पुसू नये हे आजीचं शिकवणं अंगात भिनलेलं. पुसल्यावर कागदावर एक फिकट खूण राहिली, ती अजून आहे. ज्या बाईंनी सुचवलं होतं त्यांच्यावर माझा राग नाही. पुढे त्यांनीच ते चित्र मागितलं, मी दिलं नाही, कारण ते वडिलांनी आधीच उचलून नेलं होतं.

आमच्या गायनवृंदाची तालीम घेणाऱ्या ताईंची एक सवय मला तेव्हा विचित्र वाटायची. स्वरलेखनाच्या प्रत्येक पानाखाली त्या पेन्सिलीने तीन बारीक अक्षरं लिहायच्या. विचारलं तर कळलं की ही जर्मन संगीतकार बाखची नक्कल. १७२३ साली तो लाइपझिगला रुजू झाला आणि पहिली काही वर्षं जवळजवळ दर रविवारच्या उपासनेसाठी नवी रचना लिहीत होता. रचनेच्या सुरुवातीला तो ‘येशू, साहाय्य कर’ या अर्थाची अक्षरं लिहायचा आणि शेवटी ‘केवळ देवाला गौरव’ या अर्थाची तीन; ताईंची अक्षरं ती हीच. ‘ऐकणाऱ्याला ती ऐकू येत नाहीत,’ ताई म्हणाल्या, ‘वाजवणाऱ्यालाच दिसतात.’ आणि लगेच तिसऱ्या ओळीतल्या कोमल निषादावरून त्यांनी आम्हाला पाऊण तास घोळवलं. सगळे बेसूर गात होतो, पण अगदी मनापासून. मनापासूनचं कौतुक त्यांना नव्हतं.

आता मी शाळेच्या पुस्तकांसाठी आकृत्या काढते. मागच्या मंगळवारी दिवसभर बेडकाच्या हृदयाचा छेद काढत होते. तीन कप्पे, वर दोन, खाली एक, आणि प्रत्येकाला नीट बाण. खालचा कप्पा चार वेळा पुसला. चौथ्यांदा पुसताना पेंटरकाकांचा ब्रश पुसणारा हात डोळ्यांसमोर आला. काका आता नाहीत. आकृती मनासारखी झाल्यावर कागदाच्या मागच्या बाजूला, छापणाऱ्याला दिसणार नाही अशा जागी, मी ताईंची ती तीन अक्षरं लिहिली.

पडलेलं ‘नाही’ पाळकसाहेबांनी त्या दिवशी मेळावा संपल्यावर माझ्या हातात ठेवलं होतं. ते माझ्या पवित्र शास्त्रात २३व्या स्तोत्रापाशी आहे. टाचण्यांच्या दोन्ही भोकांना गंज चढलाय आणि त्याचे दोन तांबूस ठिपके समोरच्या पानावर उमटलेत.

गेल्या मेळाव्याआधी संघातल्या एका मुलीचा फोन आला. यंदा पडदा तिच्याकडे होता. ‘ताई, अक्षरं बसतील की नाही ते आधी कसं कळतं?’ मी काकांचं तंत्र सांगितलं. सगळी अक्षरं मोजायची, कापडाच्या मधोमध खूण करायची आणि रंगाला हात लावण्याआधी शेवटचा शब्द खडूने लिहून ठेवायचा. मग विचारलं, वचन कोणतं आहे?

‘पहिलं करिंथकर तेरा,’ ती म्हणाली, ‘चार ते सात, सगळं.’

मी म्हटलं, ‘आधी कापड जास्तीचं आण.’