टेबल दिवाणखान्यातच

घरोघरी जाऊन मसाज थेरपी देण्याच्या कामात माझी नऊ वर्षे गेली. चौदा किलोंचे घडीचे टेबल खांद्यावर घेऊन जिने चढताना दम लागतो हे खरे, पण पलंगावर वाकून तासभर दाब देत राहिले तर कंबर आणि अंगठे त्याहून लवकर निकामी होतात. ताठ उभे राहून हात सैल सोडले की मुठी टेकाव्यात, इतपत उंचीवर मी टेबल लावते. त्या टेबलाचा दुसरा उपयोग मला कर्वेनगरातल्या एका दुपारी कळला.

नोंदणी एका महिलेच्या नावाने होती. दार मात्र तिच्या पतीने उघडले. "ती येतेच आहे, तोवर माझी पाठ बघा. टेबल कशाला मांडता? आत पलंग आहे," असे तो म्हणाला. टेबल दिवाणखान्यातच लागेल, असे सांगून मी ते उलगडले, तेवढ्यात त्याने दाराची वरची कडी लावली. मग तो टेबलाला वळसा घालून माझ्याकडे येऊ लागला, तशी मी दुसऱ्या बाजूने दार गाठले, कडी काढली आणि चपला हातात घेऊनच चार मजले उतरले. अर्ध्या तासाने वॉचमनकाका वर जाऊन टेबल आणि तेलाची पिशवी घेऊन आले.

एजन्सीचालकांनी फोनवर, "ताई, ग्राहकाचे घर म्हणजे आपले ऑफिस नव्हे," असे ऐकवले आणि भेट अपुरी राहिली म्हणून माझे पैसे कापले. वास्तविक महिलांच्या लैंगिक छळाविरुद्धच्या 2013 च्या कायद्यात घर आणि कामानिमित्त जावे लागणारे कोणतेही ठिकाण यांचा 'कामाच्या ठिकाणा'त स्पष्ट समावेश आहे, आणि तेथे संपर्कात येणाऱ्या बाहेरच्या व्यक्तींपासूनही सुरक्षितता देणे हे नियोक्त्याचे कर्तव्य ठरवले आहे. तक्रारीची मुदत साधारणपणे तीन महिन्यांची असते, आणि दहापेक्षा कमी कामगार असतील तेथे ती जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाते. आम्ही सहाजणी होतो.

मी अर्ज लिहून त्याची एक प्रत एजन्सीला दिली. दुसऱ्याच दिवशी कापलेले पैसे परत आले. त्या ग्राहकाचा नंबर यादीतून काढायला मात्र त्यांना आणखी तीन आठवडे लागले.