तीन आठवडे रजा

आज पणजीत, पाटोच्या सेंट्रल लायब्ररीत बसून नॉर्वेच्या बोंदेविक यांच्याबद्दल वाचत होतो. आणि मग फोंड्याच्या कदंब बसमध्ये पूर्ण वाट तेच डोक्यात.

माणूस पंतप्रधान, शिवाय चर्चचा पाद्री. १९९८ च्या ऑगस्टअखेर ऑफिसकडून सरळ जाहीर झालं, पंतप्रधानांना डिप्रेशन आहे, रजेवर जातायत. ताप नाही, 'थकवा' नाही, डिप्रेशन असंच. तीनेक आठवड्यांनी परत खुर्चीत. गंमत म्हणजे पुढे २००० मध्ये सरकार गेलं आणि २००१ मध्ये हेच परत पंतप्रधान!

आपल्याकडे काय झालं असतं हो? पहिल्याच दिवशी कोणीतरी म्हणालं असतं, बांबोळीला, म्हणजे मनोरुग्णालयात, घाला त्याला. हसून. मी पण हसलोय असल्या जोकवर, खोटं कशाला बोलू.

शरीराचा आजार आपण बघितला ना, गोव्याचे मुख्यमंत्री पर्रीकर ३० जानेवारी २०१९ ला नाकात नळी घेऊन बजेट मांडायला उभे, घरी टीव्हीसमोर सगळे गप्प, आणि १७ मार्चला गेलेच ते. खुर्ची सोडायला हवी होती की नाही यावर तेव्हा नाक्यानाक्यावर भांडणं, पण नळी दिसत होती म्हणून निदान आजार मान्य तरी होता. मनाला कुठली नळी दाखवणार?

माझे बाबा रिटायर झाल्यावर वर्षभर बाल्कावात, घरापुढच्या ओसरीत, बसून असायचे, आई शेजाऱ्यांना सांगायची, "ॲसिडिटी आहे त्यांना."

घरी आल्यावर तिला बोंदेविकचं सांगितलं. म्हणाली, "आणि बायको काय सांगायची त्याची?"