शेवटच्या नळाचं पाणी

आषाढातला मंगळवार. अंगणवाडीत लसीकरणाचं सत्र ठरलेलं. सव्वासातला आशाताईंचा फोन आला. "सिस्टर, वाडीच्या वरच्या आळीत रात्रीपासनं चार जणांना ढाळ-वांती चालू हाय."

अशा फोनवर पहिला प्रश्न विचारायचा तो आजाराचा नव्हे, घरांचा. एकाच घरातले चार असतील तर शिळं अन्न आधी डोक्यात येतं. चार घरांतले चार असतील तर पाणी. ताई म्हणाल्या, "चार घरं, आणि एक म्हातारी उठून बसंना."

मग निघायच्या आधीच दोन फोन. एक वैद्यकीय अधिकाऱ्यांना. पाच वर्षांवरच्या माणसाला जुलाबांनी तीव्र जलशुष्कता आली, म्हणजे अंगातलं पाणी फार आटलं, तर असा एक रुग्णसुद्धा साथीची घंटा समजायचा, दुसऱ्याची वाट बघायची नाही. दुसरा फोन पाणी सोडणाऱ्या कर्मचाऱ्याला. "भाऊ, आज पाणी सोडू नका, आणि टाकीत टीसीएलही टाकू नका. मी येईपर्यंत हात लावू नका." हे ऐकून समोरचा माणूस नेहमी चक्रावतो. पण साथीची कुणकुण लागली की ग्रामपंचायत सगळ्यात आधी टाकीत घमेलंभर टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, ओतते. मग नमुना घेतला की तो 'पिण्यास योग्य' येतो, आणि घाण कुठून आली ते कधीच कळत नाही. आधी नमुना, मग क्लोरीन. तसंच रुग्णाचं: आधी शौचाचा स्वॅब, मग अँटिबायोटिक.

सत्र दुसऱ्या सेविकेकडे सोपवलं. समुदाय आरोग्य अधिकारी म्हणजे सीएचओ मॅडम थेट वाडीत येणार होत्या. ओआरएसची ६० पाकिटं, झिंक, क्लोरीनच्या गोळ्या, ओटी म्हणजे पाण्यातलं क्लोरीन तपासायच्या द्रावणाची बाटली आणि नळी, पाण्याच्या नमुन्याच्या निर्जंतुक बाटल्या आणि लांब रकान्यांची वही एवढं घेऊन निघालो.

म्हातारीचं घर आधी. आजींचे डोळे खोल गेलेले, हाक मारली तर नुसती हूं. पोटावरची कातडी चिमटीत धरून सोडली, दोन सेकंद उलटून गेले तरी घडी तशीच. मनगटाची नाडी जेमतेम लागत होती. जुलाब तांदळाच्या धुवणासारखे. गिळता येत नव्हतं, त्यामुळे तोंडानं काही द्यायचा प्रश्नच नव्हता. १०८ ला फोन झाला, आणि डॉक्टरांनी फोनवर सांगितल्याप्रमाणे सीएचओ मॅडमनी सुई लावून रिंगर लॅक्टेटचं सलाइन सुरू केलं. इथे हिशेब महत्त्वाचा. किलोमागे १०० मिली द्यायचं, त्यातलं ३० मिली पहिल्या अर्ध्या तासात, उरलेलं ७० पुढच्या अडीच तासांत. आजी साधारण ४५ किलोच्या. म्हणजे पहिल्या अर्ध्या तासातच १३५० मिली, अर्धा लिटरच्या पावणेतीन बाटल्या. आदल्या रात्री गावात एक सलाइन लावून त्यांना घरी पाठवलं होतं. थेंब थेंब गेलेल्या एका बाटलीनं अशा माणसाला काहीच होत नाही, उलट 'सलाइन लावलंय' या भरवशावर घरचे झोपी जातात.

तीन घरं पुढे चौदा महिन्यांचा मुलगा. वजन ८ किलो. चिडचिड, डोळे ओढलेले, भांडं ओठाला लावलं की अधाशासारखं पाणी पीत होता, चिमटीतली कातडी हळू मागे जात होती. ही मध्यम जलशुष्कता, आणि पोर पिऊ शकतंय, म्हणजे ओआरएसनं भागतं. ७५ मिली गुणिले ८, चार तासांत ६०० मिली. आईला मिली सांगून उपयोग नसतो. तिच्या घरच्या पेल्यानं तीन पेले दाखवले आणि चमचा हातात दिला. दर एक-दोन मिनिटांनी एक चमचा, उलटी झाली तर दहा मिनिटं थांबायचं, मग आणखी हळू. अंगावरचं दूध चालू.

आईनं पहाटेपासून ओआरएस दिलं होतं, पण पाकीट तीनदा पुरावं म्हणून त्यातला तिसरा हिस्सा एका पेल्यात. पाकीट एक लिटरसाठी असतं, पेला २०० मिलीचा. म्हणजे पाणी दीडपटीहून जास्त खारट झालं. असं घट्ट पाणी पोराच्या अंगातलं मीठ वाढवतं, तहान आणखी भडकते, झटकेही येऊ शकतात. पाकिटावर 'एक लिटर' लिहिलेलं असून ही चूक दर साथीत दिसते, कारण स्वयंपाकघरात लिटरचं माप नसतं. पाण्याची एक लिटरची रिकामी बाटली मात्र आता प्रत्येक घरात असते. तीच मापाला घ्यायची, अख्खं पाकीट एकदम ओतायचं, आणि २४ तासांनी उरलेलं फेकायचं.

पण त्या बाटलीत भरायचं पाणी कुठलं? नळाचंच. ज्या पाण्यानं पोर आजारी पडलं त्याच पाण्यात जलसंजीवनी कालवून तेच परत पोटात. हे आपल्याही लक्षात येत नाही कधी कधी. पहिल्या चार घरांसाठी खालच्या हातपंपाचं पाणी उकळून गार करून घेतलं, बाकीच्यांना २० लिटरच्या कॅनला क्लोरीनची एक गोळी आणि अर्धा तास थांबा. एका घरात ती गोळी तांब्यात विरघळवलेली सापडली. त्या वासानं कुणी तांब्याला तोंड लावलं नाही, हे बरंच झालं.

तोवर वाडीनं निदान करून ठेवलं होतं: रविवारची आखाडाची जत्रा, मटण बाधलं. जेवण ज्यांनी केलं ते बिचारे तोंड लपवून बसलेले. दोन्ही आशाताई, आरोग्य सेवक आणि मी, चौघांनी घरं वाटून घेतली. नाव, वय, पहिला जुलाब कोणत्या दिवशी किती वाजता, उलटी आहे का, जत्रेत जेवले का, पाणी कुठलं. 'कधीपासून' विचारलं की 'काल-परवापासनं' उत्तर येतं. त्याला अर्थ नाही. 'दिवे लागायच्या आधी की नंतर', 'दूध काढलं तेव्हा बरं होतं का', असं विचारलं की तास हाती लागतो. आणि 'घरात कुणी आजारी आहे का' असंही विचारायचं नाही. सून आजारी असली तर सासू नाही म्हणते. घरातल्या प्रत्येकाचं नाव घेऊन विचारायचं.

बारा वाजता वही जुळवली. वरच्या आळीत १८ घरं, ९१ माणसं, आजारी १६. खालच्या आळीत २८ घरं, १२४ माणसं, आजारी २, तीही दोन पोरं, दिवसभर वरच्या आळीत मावशीकडे असणारी. जत्रेत खालची आळी जवळजवळ सगळी जेवली होती. उलट आजारी १८ पैकी ७ जण तिकडे फिरकलेच नव्हते. मटण सुटलं. वरच्या आळीतलं एक सात माणसांचं घर पूर्ण ठणठणीत होतं. त्यांच्या नळाला महिनाभर पाणीच चढत नव्हतं, म्हणून ते हातपंपावरून आणत होते. वहीच्या मागच्या पानावर वाडीचा कच्चा नकाशा काढून आजारी घरांवर फुल्या मारल्या, तर सगळ्या फुल्या एका व्हॉल्व्हच्या पलीकडे पडल्या.

ग्रामसेवकांचं म्हणणं, "मॅडम, टीसीएल रोज पडतं, रोजची ओटी आहे रजिस्टरला." खोटं नव्हतं ते. टाकीखालच्या नळाला ओटी घेतली: नळीत खुणेपर्यंत पाणी, वर ओटीचे थेंब, दहा सेकंदांच्या आत रंग बघायचा. छान पिवळा. (उशिरा आलेला पिवळा रंग धरायचा नाही, तो घाणीशी बांधल्या गेलेल्या क्लोरीनचाही असतो. आणि तपासलेलं पाणी परत भांड्यात ओतायचं नाही, ओटी विषारी आहे.) रजिस्टरला हीच ओटी रोज जायची, कारण टाकी रस्त्याला आहे आणि शेवटचा नळ चढावर. मग पाच मिनिटांपुरतं पाणी सोडायला लावलं, नळांवर आशाताईंना उभं केलं की कुणी भरू नये. मधल्या नळाला फिकट पिवळं. व्हॉल्व्हच्या पलीकडच्या तिन्ही नळांना पाण्यासारखं पाणी, रंग शून्य. टाकीतून निघालेलं क्लोरीन वाटेतल्या घाणीशी लढून तिथपर्यंत संपत होतं.

नमुना घेताना पुस्तक सांगतं, नळ दोन-तीन मिनिटं वाहू द्या. बरोबर आहे, पण तासभर पाणी आणि तेवीस तास रिकामी पाइपलाइन अशा गावात घाण असते ती पहिल्या धारेत, आणि बायका पहिली धार सोडून देत नाहीत, ती आधी घागरीत जाते. म्हणून दोन बाटल्या घेतल्या, एक पहिल्या धारेची, एक नंतरची. बाटलीच्या तळाशी पांढरट पूड असते ती थायोसल्फेट, पाण्यातलं क्लोरीन तिथल्या तिथे मारायला. मदतीला आलेला मुलगा ती 'धूळ' विसळून टाकायला निघाला होता. विसळली तर प्रयोगशाळेत पोचेपर्यंत क्लोरीन आपलं काम करत राहतं आणि नमुना फुकट जातो. पाण्याच्या बाटल्या बर्फात. डॉक्टरांनी घेतलेले शौचाचे स्वॅब, कॅरी-ब्लेअर या जंतू टिकवणाऱ्या माध्यमातले, मात्र बर्फात नाहीत, साध्या तापमानाला. सवयीनं सगळंच व्हॅक्सिन कॅरिअरमध्ये जातं, तिथे लक्ष ठेवावं लागतं.

व्हॉल्व्हचा खड्डा ओढ्याच्या काठाला, झाकणाशिवाय, पावसानं काठोकाठ भरलेला. व्हॉल्व्हचं पॅकिंग गेलेलं. पाणी चालू असताना तिथून बाहेर गळतं, तेव्हा सगळे म्हणतात पाणी वाया जातंय. पाणी बंद झालं की उतारावरची लाइन रिकामी होताना आत ओढ घेते, आणि खड्ड्यातलं पाणी पाइपात जातं. त्याच ओढ्याच्या वरच्या अंगाला माणसं परसाकडे बसतात. भरीला वरच्या आळीत दाब कमी म्हणून घरोघरी कंबरभर खड्डा खणून नळ खाली नेलेले, तोट्या काढलेल्या. त्या खड्ड्यांत भांडी विसळतात, पोरांना धुतात. पाणी थांबलं की त्यातलंही मागे ओढलं जातं.

मग टीसीएल. ग्रामपंचायतीतली गोणी तोंड उघडं, खिडकीखाली, गड्डे झालेले, वास जवळजवळ नाही. ताज्या पावडरीत तेहतीस टक्क्यांच्या आसपास क्लोरीन असतं. २० टक्क्यांच्या खाली गेली की ती कामाची नाही. केंद्रातून नवी बंद पिशवी मागवली. हजार लिटरला ५ ग्रॅम या मापानं २० हजार लिटरच्या टाकीला १०० ग्रॅम लागते. साथीत आम्ही दुप्पट घेतली आणि खरं माप ठेवलं ते शेवटच्या नळाला ०.५ पीपीएम, म्हणजे लिटरमागे अर्धा मिलीग्रॅम क्लोरीन. पावडर बादलीत आधी लोण्यासारखी कालवायची, मग पाणी पाऊण बादली, ढवळून दहा मिनिटं चुना खाली बसू द्यायचा, वरचं निवळ तेवढं टाकीत, गाळ बाहेर. मग तासभर पाणी सोडायचं नाही. संध्याकाळी पॅकिंग बदलल्यावर ते तीव्र पाणी लाइनमधून सोडून देऊन लाइन धुतली. भरू नका म्हणून सांगितलं तरी दोघींनी 'भांड्यांना होईल' म्हणून भरलंच.

पुढचे पाच दिवस रोज घरोघर. नवे तीन रुग्ण दुसऱ्या दिवशी, एक तिसऱ्या दिवशी, नंतर नाही. शेवटच्या रुग्णापासून आणखी दहा दिवस फेऱ्या चालू ठेवल्या, कॉलऱ्याचा अधिशयन काळ (जंतू पोटात गेल्यापासून आजार दिसेपर्यंतचा) जास्तीत जास्त पाच दिवसांचा, त्याच्या दुप्पट. चार स्वॅबपैकी एकात कॉलऱ्याचे जंतू निघाले. उरलेल्या तिघांपैकी दोघांनी आधीच बाहेरून गोळ्या घेतल्या होत्या, त्यामुळे त्यांच्या 'नाही'ला फारसा अर्थ नव्हता. पाण्याच्या नमुन्यांत टाकीचा योग्य, शेवटच्या नळाची पहिली धार अयोग्य.

झिंकचं काम सगळ्यात चिकट. सहा महिन्यांवरच्या मुलाला रोज २० मिलीग्रॅमची एक गोळी, १४ दिवस. दोन ते सहा महिन्यांच्या बाळाला अर्धी. तिसऱ्या दिवशी जुलाब थांबतात आणि गोळीही थांबते. पाकिटाच्या मागे प्रत्येक गोळीवर पेनानं तारीख घातली. गोळी उरली की कोणत्या दिवशी चुकली ते आईलाच दिसतं, रागवावं लागत नाही.

आजी चौथ्या दिवशी घरी आल्या. ओटीच्या रजिस्टरला आता तीन रकाने आहेत: टाकी, मधला नळ, शेवटचा नळ. ऑक्टोबरच्या पाणी सर्वेक्षणात वाडीला लाल कार्ड, म्हणजे पाणी धोक्याचं असल्याचा शेरा, गेलं. वरच्या आळीतल्या अकरा घरांनी नळ वर घेऊन तोट्या बसवल्या. सात खड्डे अजून आहेत; दाब वाढल्याशिवाय वर घेणार नाही म्हणतात, आणि दाब वाढवायला वेगळी लाइन लागते, तिचा ठराव झाला आहे, काम निघालेलं नाही.